कावीळ ‘उतरते’, विषाणू राहतो

पावसाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की आमच्या ओपीडीत पिवळ्या डोळ्यांचे रुग्ण दिसू लागतात. त्यांतल्या काहींच्या गळ्यात मुळांची किंवा काड्यांची माळ असते. ‘डॉक्टर, कावीळ उतरवून आणली आहे. आता फक्त अशक्तपणाचं बघा,’ असे ते सांगतात. कोणती कावीळ होती, असे विचारले तर उत्तर नसते. येत्या २८ जुलैच्या जागतिक हिपॅटायटिस दिनानिमित्त हाच प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारायला हवा.

कावीळ हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. रक्तातले बिलिरुबिन वाढले की डोळे आणि लघवी पिवळी होते. पित्तनलिकेतील खडा, मद्यपान, औषधे, मलेरिया, लेप्टो अशी त्याची अनेक कारणे असतात. यकृताला सूज आणणारे मुख्य विषाणू पाच आहेत: ए, बी, सी, डी आणि ई. त्यांपैकी ए आणि ई दूषित पाण्या-अन्नातून पोटात जातात. बी आणि सी रक्तातून पसरतात. डी हा बीच्या आधाराशिवाय जगू शकत नाही. 

पावसाळ्यात महापालिका साथरोगांची जी आकडेवारी देते, त्यातली ‘हिपॅटायटिस’ म्हणजे प्रामुख्याने ए आणि ई. मुंबईचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा या जलाशयांतून येते आणि शुद्ध करूनच सोडले जाते. बिघाड होतो तो पुढच्या प्रवासात. आपल्याकडे नळाला ठरावीक तासच पाणी असते. पुरवठा बंद झाला की जलवाहिनीतला दाब उतरतो आणि जिथे गळती असेल तिथून आजूबाजूचे सांडपाणी आत ओढले जाते. गिरगाव, परळच्या जुन्या वस्त्यांत जलवाहिनी आणि गटार शेजारी-शेजारी असले की हा धोका वाढतो. विषाणू शरीरात गेल्यावर लक्षणे दिसायला दोन ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त काळ लागतो. त्यामुळे आज पिवळे झालेले डोळे महिन्यापूर्वीच्या पाण्याची साक्ष देतात. इचलकरंजीत २०१२ साली अशाच दूषित पाण्याने हिपॅटायटिस ईची मोठी साथ आली होती.

या भागात आणखी एक बदल घडतो आहे. चाळीतल्या पिढीला हिपॅटायटिस ए लहानपणीच होऊन जात असे. बहुतेकांना तो कळतही नसे आणि आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळे. आता चाळीच्या जागी टॉवर आले, घरात फिल्टर आले. मुले विषाणूपासून दूर राहिली, ही चांगलीच गोष्ट. पण तीच मुले पंचविशीत बाहेरचे पाणी, बर्फ, चटणी खातात, तेव्हा पहिल्यांदा या विषाणूला सामोरी जातात. मोठ्या वयात हा आजार अधिक त्रासदायक, क्वचित प्राणघातक ठरतो. अशा कुटुंबांनी ए प्रतिबंधक लशीबाबत डॉक्टरांना जरूर विचारावे.

आता माळेकडे वळू. ए आणि ईची कावीळ बहुतेकांमध्ये चार ते सहा आठवड्यांत आपोआप बरी होते. तोवर गळ्यात जे असेल, त्याला श्रेय मिळते. माळ लांबते, कारण ओल्या काड्या सुकून आकसतात आणि गाठी सैल होतात. हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुतले, तर पाणी पिवळे होते. निरोगी माणसानेही हे करून पाहावे, त्याचीही कावीळ ‘उतरेल’. हळद, तेल बंद करून महिनाभर नुसत्या उकडलेल्या अन्नावर राहण्याचाही उपयोग नाही. रुचेल ते साधे, पुरेसे अन्न घ्यावे. गाडीवरचा उसाचा रस तर टाळावाच, कारण त्यातल्या बर्फाचा भरवसा नसतो. दारू पूर्ण वर्ज्य. जडीबुटी आणि मनाने घेतलेल्या गोळ्यांचा भार सुजलेल्या यकृतावर टाकू नये.

कावीळ उतरवण्याने खरे नुकसान होते ते बी आणि सीच्या रुग्णांचे. त्यांचेही डोळे काही आठवड्यांत पांढरे होतात. मात्र विषाणू रक्तात राहू शकतो. अनेकांना तर कावीळ होतच नाही. पंधरा-वीस वर्षे यकृत आतून निबर होत जाते आणि रुग्ण येतो तो पोटात पाणी झाल्यावर, रक्ताची उलटी झाल्यावर किंवा कॅन्सरची गाठ घेऊन. तेव्हा आमच्या हातात फार थोडे उरलेले असते.

याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण अमिताभ बच्चन यांचे. १९८२ मध्ये ‘कुली’च्या चित्रीकरणातील अपघातानंतर त्यांना अनेक दात्यांचे रक्त द्यावे लागले. त्यातून हिपॅटायटिस बीची लागण झाली आणि ती कळली तब्बल दोन दशकांनी. तोवर यकृताचा ७५ टक्के भाग निकामी झाला होता, हे त्यांनीच जाहीरपणे सांगितले आहे. उपचार घेत ते आजही काम करतात. निदान झाले, म्हणूनच हे शक्य झाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी आणि ५५ लाखांना हिपॅटायटिस सी होता. जगभरात त्या वर्षी या आजारांनी सुमारे १३ लाख बळी घेतले. आणि जगातील बीच्या रुग्णांपैकी फक्त १३ टक्क्यांनाच आपल्या आजाराची कल्पना होती.

वास्तविक या लढाईतली हत्यारे आपल्याकडे आहेत. सीवर लस नाही, पण साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. बी सहसा समूळ जात नाही, मात्र गरज असलेल्यांना रोजच्या एका गोळीने तो ताब्यात राहतो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत या तपासण्या आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. तरीही रुग्ण येत नाहीत, कारण त्रास नसताना तपासणी कशाला, ही आपली सवय. शिवाय भीतीही असते. आखातातल्या नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत किंवा मंडळाच्या रक्तदान शिबिरानंतर बी ‘पॉझिटिव्ह’ कळलेले तरुण अहवाल घरी दाखवत नाहीत. त्यांना सांगायचे ते हे: एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एकत्र राहिल्याने बी किंवा सी पसरत नाही. तो पसरतो दूषित सुई, रक्त, असुरक्षित लैंगिक संबंध, दुसऱ्याचे ब्लेड, अस्वच्छ टॅटू आणि आईकडून बाळाला. जन्मतः लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांमध्ये बी कायमचा ठाण मांडतो. म्हणून गरोदरपणात तपासणी आणि बाळाला २४ तासांच्या आत लस, यात हयगय नको. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला लशीसोबत वेगळे इंजेक्शनही लागते.

थोडक्यात, कावीळ झाली की बिलिरुबिन, एसजीपीटी, रक्त गोठण्याची चाचणी आणि विषाणूंच्या चाचण्या करून ती कोणती, हे ठरवून घ्या. सुस्ती, असंबद्ध बोलणे, रक्तस्राव किंवा सतत उलट्या असतील तर थेट रुग्णालय गाठा. गरोदर स्त्रीला कावीळ दिसली, तर एक दिवसही थांबू नका. अखेरच्या तिमाहीत ई विषाणूमुळे अशा दर चार-पाच स्त्रियांमागे एकीचा जीव जाऊ शकतो. पाणी उकळून प्या. ज्यांना २००१ पूर्वी रक्त दिले गेले, ज्यांचे डायलिसिस चालते, ज्यांच्या घरात कुणाला बी किंवा यकृताचा कॅन्सर आहे, त्यांनी काहीही त्रास नसला तरी बी आणि सीची चाचणी एकदा करून घ्यावी.

गळ्यात माळ घातलेल्या रुग्णावर मी रागावत नाही. माळ राहू द्या, पण दंडातले पाच मिलिलिटर रक्तही द्या, एवढेच सांगतो. बहुतेकांचा अहवाल ए किंवा ई असा येतो आणि ते बरे होऊन जातात. ज्याचा बी किंवा सी येतो, त्याची पुढची वीस वर्षे त्या एका चाचणीने वाचतात.