नागअळी दिसली की पंप उचलू नका



उसात घेवडा, काकडी, कांदा, झेंडू अशी आंतरपिके आपल्याकडे घेतली जातात. चाकणची पेठ आणि पिंपरीची मंडई जवळ, त्यामुळे चार पैसे लवकर हाती येतात. पण पानावर पांढरी नागमोडी रेघ दिसली, की लगेच पंप पाठीवर! ही घाई नुकसानीची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नागअळीची माशी जेमतेम २ मिलिमीटरची, काळी-पिवळी. मूळची अमेरिकेतली. आपल्या देशात १९९१ च्या सुमारास हैदराबादकडे ती प्रथम नोंदली गेली. ती पानाच्या आत अंडी घालते. २ ते ४ दिवसांत अळी निघते, आठवडाभर पानाच्या दोन पापुद्र्यांमधला गर खाते आणि बहुधा जमिनीत पडून कोष करते. उबेत हा फेरा दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो. टोमॅटो, घेवडा, काकडी, बटाटा, कांदा, एरंडी, झेंडू, शेवंती, मावळातल्या हरितगृहांतला जरबेरा, तिला सगळे चालते. उसाला मात्र तिचा उपद्रव नाही.

अळी पानाच्या आत असल्याने वरवरच्या औषधाने ती सहसा मरत नाही. मरतात ते तिच्यावर जगणारे बारीक परजीवी कीटक. ते गेले की माशीला रान मोकळे. शिवाय उसाची सरी हातभर अंतरावर असते. २००२ साली सांगली भागातून लोकरी मावा पसरला, तेव्हा कोनोबाथ्रा, मायक्रोमस या मित्रकीटकांनीच ऊस सावरला. त्यांनाच आपण पैसे मोजून मारायचे काय?

मग करायचे काय? रेघ असलेले पान उजेडाकडे धरावे. आत पिवळी अळी हलत असेल तर ती जिवंत समजावी. काळपटलेली असेल तर मित्रकीटकांनी आपले काम केले आहे. रोप लहान असतानाच खरी काळजी घ्यावी. पोखरलेली खालची पाने तोडून वावरात टाकू नका, गाडा किंवा जाळा, नाहीतर अळी तिथेच कोष करील. पिवळे चिकट सापळे लावा, ५ टक्के निंबोळी अर्क मारा. मोठ्या झाडाची खालची चार पाने गेली म्हणून पीक जात नाही.

तरीही शंका वाटली, तर दुकानात जाण्याआधी ते पान घेऊन गट कार्यालयात या. पान पाहायला आम्ही पैसे घेत नाही.