संग्रह कोणाचा, ठेवा कोणाचा?

आवडत्या दिग्दर्शकाचे सर्व चित्रपट आपल्या संग्रही असावेत, ही ओढ रसिकतेचाच भाग आहे. ग्रंथसंग्रह करणाऱ्याला समाज मान देतो. मग सत्यजित राय यांच्या चित्रपटांच्या तबकड्या जमविणाऱ्याला हसण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो निराळ्याच गोष्टीला. चित्रपट टिकतात ते खाजगी हौसेमुळे, आणि ज्याला ते पाहावयाचे असतील त्याने बाजारभावाने पैसे मोजावेत, असा जो समज सुशिक्षित मध्यमवर्गात रूढ झाला आहे, तो वस्तुस्थितीला धरून नाही.

राय यांचेच उदाहरण घ्या. ‘पथेर पांचाली’साठी त्यांनी विम्याची पॉलिसी आणि पत्नीचे दागिने गहाण टाकले, हौसेने जमविलेल्या ध्वनिमुद्रिकाही विकल्या. तरीही चित्रपट अडलाच. अखेर पश्चिम बंगाल सरकारने पैसा पुरविला आणि १९५५ साली तो पडद्यावर आला. सरकारी दप्तरात ही रक्कम रस्तासुधारणेच्या खाती पडली, हा किस्सा विनोद म्हणून सांगितला जातो. परंतु त्यात एक सत्य दडलेले आहे. रस्ता जसा जनतेच्या पैशातून होतो, तसाच हा चित्रपटही झाला.

पुढे काय घडले? जुलै १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली आणि अपूच्या तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. त्यांचे अवशेष अमेरिकेतील ऑस्कर अकादमीच्या संग्रहालयाने जपले. २०१५ साली हे चित्रपट पुन्हा उभे राहिले, ते या अवशेषांतून आणि परदेशांतील संग्रहालये व वितरक यांनी सांभाळलेल्या प्रतींतून. कोणा हौशी माणसाच्या कपाटातून नव्हे. हे काम करणाऱ्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण त्याची फलश्रुती अशी की, बंगालच्या करदात्याच्या पैशाने निर्माण झालेली कलाकृती अमेरिकन कंपनी डॉलरांत विकते. शिवाय ब्लू-रेच्या व्यापाऱ्यांनी जगाचे तीन विभाग पाडले असल्यामुळे तिकडची तबकडी इकडच्या साध्या यंत्रावर चालतही नाही!

आता तबकडीही मागे पडत आहे. दरमहा वर्गणी भरा आणि कंपनी दाखवील ते पाहा, असा नवा व्यवहार आहे. करार संपला की चित्रपट एका रात्रीत नाहीसा होतो. प्रेक्षकाला विचारण्याची गरजच नसते. कूळकायद्याने कुळाला जेवढे संरक्षण दिले, तेवढेही या प्रेक्षकाला नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: सरकारच्या हाती दिले की वाटोळे होते. यात तथ्य आहे. मूकपटांच्या काळात या देशात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले. त्यांतले मोजकेच उरले. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कोठाराला आग लागून जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. परंतु १९६४ साली स्थापन झालेल्या याच संस्थेने, पी. के. नायर यांच्यासारख्या निष्ठावंत अधिकाऱ्यांच्या परिश्रमामुळे, फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष वाचविले आणि गावोगावच्या फिल्म सोसायट्यांना चित्रपट पुरविले. सरकारी दवाखान्यात औषध मिळत नाही म्हणून दवाखानाच मोडीत काढावा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. तरीही २०२२ साली अनेक चित्रपटकारांची हरकत डावलून हे संग्रहालय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. महामंडळाला नफातोट्याचा ताळेबंद मांडावा लागतो. जतनाचे काम मात्र त्या ताळेबंदात कायम तोट्याच्या बाजूलाच दिसणार.

महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करून वाचकापर्यंत पुस्तक पोहोचविणे हे शासनाचे कर्तव्य मानले. तेच तत्त्व चित्रपटालाही लागू केले पाहिजे. सरकारी पैशातून निर्माण झालेला वा सरकारी खर्चाने दुरुस्त झालेला प्रत्येक चित्रपट जिल्हा ग्रंथालयात विनामूल्य पाहता आला पाहिजे, आणि संग्रहालयाचे जतनकार्य व्यापारी हिशेबातून कायद्याने वगळले पाहिजे. कार्यकर्त्यांनी ही मागणी ग्रंथालय समित्यांत, नगरपालिकांत आणि विधिमंडळात लावून धरावी. संग्राहकांनीही या लढ्यात उतरावे. त्यांच्या कपाटातील तबकडी आज ना उद्या निकामी होईल. गिरणीकामगाराच्या मुलीला ‘पथेर पांचाली’ पाहावयाचा असेल, तर तो दाखविण्याची जबाबदारी समाजाची आहे. कोणाच्या हौसेची वा औदार्याची नव्हे.