सात दिवसांची मदत, जन्माचे दुखणे



अपघाताची बातमी कळली की धावून जाणे, हे इंदूरच्या मराठी माणसाचे जुने भूषण आहे. रक्त द्यायला तरुण पुढे येतात, रामबागेतून डबा जातो, राजेंद्रनगरातून कोणी रात्री उशाशी बसायला येते. रुग्ण शुद्धीवर आला की "जीव वाचला, देवाची कृपा" म्हणून आपण घरी परततो. पण वर्षाने, दहा वर्षांनी त्या घरात काय चालले आहे याची चौकशी किती जण करतात?

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. अपघातांच्या संख्येत आपले मध्य प्रदेश तामिळनाडूच्या खालोखाल दुसरे होते; इथे ५४,४३२ अपघात झाले. जखमींपैकी किती जण पुन्हा कामावर गेले आणि किती अंथरुणाला खिळले, हे मात्र तो अहवाल सांगत नाही.

गंभीर इजा टाके काढल्यावर संपत नाही. डोक्याला जबर मार लागलेल्या माणसाला महिन्यांनी, कधी वर्षांनीही फिट येऊ शकते. विसराळूपणा येतो, शांत माणूस चिडखोर होतो आणि घरचे त्याला 'स्वभाव बदलला' म्हणून दोष देतात. सांध्यातले हाड मोडले असेल तर पुढे तो सांधा लवकर झिजतो. पाठीच्या कण्याला इजा झाली असेल तर पाठीवरच्या जखमा आणि लघवीचा संसर्ग हे जन्माचे शत्रू होतात. दर थोड्या तासांनी कूस बदलावी लागते. कृत्रिम पायही कायमचा नसतो, तो बदलावा लागतो. आणि मनाची उदासी? ती तर कोणत्याच एक्स-रेमध्ये दिसत नाही. हा सारा भार बहुधा पत्नी किंवा वृद्ध आई मुकाट्याने वाहते.

मुरलीकांत पेटकरांचे नाव आपण अभिमानाने घेतो. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. उपचाराचा भाग म्हणून पोहू लागला आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्याने भारताचे पहिले सुवर्णपदक मिळवले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जिद्द त्यांची होतीच. पण त्यांच्या पाठीशी लष्कराचे इस्पितळ होते आणि उपचार जखम भरल्यावर थांबले नव्हते. आपल्या गल्लीतल्या जखमी तरुणाच्या पाठीशी कोण आहे?

मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी रोकडविरहित उपचारांची योजना लागू केली. तीत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार मिळतात. योजना चांगली आहे, तिने प्राण वाचतील. इंदूर जिल्हा प्रशासनानेही १ ऑगस्ट २०२५ पासून हेल्मेटशिवाय पेट्रोल न देण्याचा आदेश काढला, तेही योग्यच झाले. पण आठव्या दिवसाचे काय? सात दिवसांची मदत तीस वर्षांच्या दुखण्याला कशी पुरणार?

कायद्याने दिलेले हक्कही आपल्या घरांना ठाऊक नसतात. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करण्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, आणि ती शुश्रूषेतच निघून जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की, अपंगत्वाचे टक्के आणि कमाईचे नुकसान एकच नव्हे. डावा हात गेला तर सुताराचा धंदाच बुडतो, कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर आणता येत नाही. तरीही 'सर्टिफिकेट काढले तर लोक काय म्हणतील' या संकोचापायी कितीतरी घरे दिव्यांग प्रमाणपत्रही काढत नाहीत. त्यात लाज कसली?

म्हणून आमचे लोकप्रतिनिधींकडे स्पष्ट मागणे आहे. महाराजा यशवंतराव रुग्णालयात गंभीर जखमींसाठी आठवड्याचा एक वार ठरवावा. त्या दिवशी अस्थितज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक एकाच ठिकाणी भेटावेत, म्हणजे रुग्णाला दारोदार फिरावे लागणार नाही. वॉर्डातल्या संजीवनी क्लिनिकमध्ये ठरावीक दिवशी फिजिओथेरपी मिळावी. पालिकेच्या प्रत्येक कार्यालयात रॅम्प असावा. मते मागायला जे दारी येतील, त्यांना प्रत्येक मराठी घराने हे तीन प्रश्न विचारावेत.

आणि आपण स्वतः? मंडळाने अशा घरांची यादी करावी. अपघातानंतर तीन महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने एका कार्यकर्त्याने तिथे जावे. दाव्याचे, प्रमाणपत्राचे कागद पाहावेत आणि सांभाळ करणाऱ्या माउलीला चार तास विसावा द्यावा. गणेशोत्सवाची वर्गणी मागायला आपण प्रत्येक दारी जातोच. त्याच पावलांनी या दारीही जाऊ या.