शिंपल्याची सहनशीलता आणि सोड्याची पोती

समुद्र तापला, आम्ल झाला, तरी शिंपले जुळवून घेतील, असा दिलासा हवामानबदलाच्या चर्चेत वारंवार दिला जातो. 'अनुकूलन' हे त्या दिलाशाचे प्रतिष्ठित नाव. ज्यांच्या कारखान्यांतून कर्बवायू बाहेर पडतो, त्यांना हा शब्द विशेष प्रिय असावा, यात नवल नाही.

शिंपला जुळवून घेतो, हे खोटे नव्हे. ओहोटीत उघडा पडताच दोन्ही शिंपा मिटून आतल्या पाण्यावर तो काही तास काढतो. पाणी आम्ल झाले तर कवच बांधण्यासाठी अधिक शक्ती वेचतो. परंतु ती शक्ती वाढीतून आणि प्रजननातून वजा होते. मजुरी कापल्यावर एक वेळ जेवणाऱ्या कामगारालाही मालकवर्ग असाच 'काटक' म्हणत आला आहे! या काटकपणालाही सीमा आहे. जून २०२१ मधील उष्णतेच्या लाटेत कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील शिंपले खडकांवरच शिजले; त्या किनारपट्टीवर मेलेल्या जिवांची संख्या शास्त्रज्ञांच्या अंदाजाने शंभर कोटींहून अधिक होती.

मग जुळवून घेतले कोणी? अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात, नेटार्ट्स उपसागराकाठी, कालवांचे बीज तयार करणारे केंद्र आहे. २००७ च्या सुमारास तेथील पिल्ले प्रचंड संख्येने मरू लागली. प्रथम संशय जिवाणूंवर गेला. खरा अपराधी निघाले ते समुद्राचेच पाणी. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की तेथे खोल समुद्रातील थंड, कर्बवायूने भरलेले पाणी वर येते. त्यात निसर्गाचा वाटा आहेच. पण त्यावर गेल्या शतकातील धुराची भर पडलेली आहे. कालवाचे पिल्लू पहिल्या दोन दिवसांत, अंड्यातल्या शिदोरीवर, आपले पहिले कवच बांधते. अशा पाण्यात शिदोरी संपते, कवच पुरे होत नाही. केंद्राने यंत्रे बसवली, पाणी घेण्याची वेळ बदलली, टाक्यांत धुण्याचा सोडा मिसळला आणि उत्पादन सावरले. हा शहाणपणाचाच उपाय होता. मात्र सोडा टाकीत पडला, समुद्रात नव्हे. आणि टाकी ज्याच्या मालकीची, त्याचेच कालव वाचले.

कोकणच्या खाड्यांत सोडा कोण घालणार? ओहोटीची वेळ साधून खडकावरची कालवे कोयत्याने फोडणाऱ्या, गुडघाभर चिखलात तिसऱ्या वेचणाऱ्या बायांजवळ टाकी नाही, यंत्र नाही, होडीही नाही. यांत्रिक नौकांना डिझेलवरील कराचा परतावा मिळतो. कोयत्याला कसला परतावा? मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये घेतला. त्या दर्जाचा लाभ चिखलात उतरणाऱ्या बाईपर्यंत पोहोचतो काय, हा प्रश्न विधिमंडळात कोणी लावून धरायचा? समाजवादी चळवळीनेही हा विषय 'पर्यावरणवाद्यांचा' म्हणून फार काळ बाजूला ठेवला, हे कबूल केले पाहिजे. खाडी मरते तेव्हा प्रथम रोजगार मरतो, हे चळवळीला वेगळे शिकवण्याची गरज नव्हती.

किनाऱ्यावरील शाखांनी आता तीन मागण्या घेऊन तहसील कचेरीवर जावे: शिंपले वेचणाऱ्या प्रत्येक स्त्रीची मच्छीमार म्हणून नोंद, खाडीच्या पाण्याची नियमित तपासणी आणि तिचा अहवाल गावात मराठीतून, आणि ज्या हंगामात खाडीतील शिंपले मरतील, त्या हंगामाच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई.