वॉटरप्रूफ म्हणजे काय हो?

मंडळी, बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नव्हतं. कारण परवा मिळालं. आमच्या घरच्या ग्रुपवर सूनबाईंनी विजेवर चालणाऱ्या वॉटर टॅक्सीचा व्हिडिओ टाकला. पांढरीशुभ्र बोट, आत एसी, आवाज नाही, धूर नाही. सगळ्यांचे अंगठे पडले. मी आपलं विचारलं, "यात बॅटरी कुठे ठेवतात? तिथे समुद्राचं पाणी शिरलं तर?" लगेच चार उत्तरं आली, "अहो, वॉटरप्रूफ असतात त्या!" आणि पाचवं आलं, "तुम्हाला प्रत्येक नव्या गोष्टीत खोट दिसते."

ठीक आहे. तिथे वाद घालण्यापेक्षा इथेच लिहितो. मी विज्ञानाचा माणूस नव्हे. मराठी माध्यमातला बी.ए., परळच्या एका शाळेत मराठी आणि भूगोल शिकवण्यात नोकरी गेली. पण शब्दाचा अर्थ विचारणं हे माझं कामच होतं, आणि 'वॉटरप्रूफ' हा शब्द माझ्या मते सध्या फार स्वस्तात विकला जातो आहे.

आधी एक सांगून टाकतो. मी विजेच्या बोटींच्या विरोधात नाही, उलट वाट बघतो आहे. लेक अलिबागला असते, त्यामुळे गेटवेहून मांडव्याला जाणं-येणं सारखं चालू. डिझेलचा धूर लाँचमध्ये घुसला की आमची ही पदर नाकाला लावून बसते. तिला दमा आहे. आणि ही कल्पना स्वप्नातली नाही. केरळात वैकमला 'आदित्य' ही सौरऊर्जेवरची प्रवासी बोट २०१७ पासून धावते. कोचीची वॉटर मेट्रो २०२३ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी आमच्या लालबागच्या शेजारच्या माझगाव डॉकसाठी 'बॅराकुडा' नावाची सौर-विद्युत बोट केरळातच पाण्यात उतरली. तेव्हा बोट होईल का, हा प्रश्नच नाही. प्रश्न तिच्या पोटातल्या पेटीचा आहे.

आता घड्याळाची गोष्ट. निवृत्तीच्या वेळी शाळेने मला घड्याळ दिलं. मागे कोरलेलं, 'वॉटर रेझिस्टंट'. तीन-चार वर्षं ते घालून मी अलिबागच्या समुद्रात मनसोक्त उभा राहिलो. एक दिवस काचेच्या आत धुकं. दादरला जिन्याखाली बसणाऱ्या घड्याळजीकडे नेलं. त्याने झाकण उघडलं आणि मोहरीएवढ्या रबराचा तुकडा चिमट्यात धरून दाखवला. "मास्तर, मागे लिहिलंय ते नव्या घड्याळाचं. हा वायसर मेला की घड्याळही तुमच्याआमच्यासारखंच. आणि खाऱ्या पाण्यात वायसर लवकर मरतो."

बॅटरीवाल्या कंपन्यांनी या माणसाला सल्लागार नेमायला हरकत नाही!

माझा भाचा याच धंद्यात आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, तू ऐकतोस ते आयपी ६७. सहा म्हणजे धूळ आत जाणार नाही. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी नुकसान होण्याइतकं पाणी शिरणार नाही." मी विचारलं, "कसलं पाणी रे?" तो हसला. "साधं. गोडं."

म्हणजे परीक्षा गोड्या पाण्यात, अर्धा तास, नव्या कोऱ्या पेटीची. आणि नोकरी खाऱ्या पाण्यावर, आठ-दहा वर्षं, हादरे खात!

त्याने पुढे सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो. पेटीत शेकडो सेल एकमेकांना जोडलेले असतात आणि सगळ्यांचा मिळून दाब काहीशे व्होल्टपर्यंत जातो. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. नको तिथे त्याचा ओघळ गेला की ठिणगी, ठिणगीने एक सेल तापतो, तो शेजारच्याला तापवतो, आणि मग ही साखळी थांबवणं महाकठीण. लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल निकेलवाल्यांपेक्षा उशिरा भडकतात, पण 'भडकतच नाहीत' असं नाही. तापलेल्या सेलमधून ज्वलनशील वायू निघतो. तो कोंडला तर स्फोट. म्हणजे पेटीने पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि वायू मात्र बाहेर सोडायचा. शिवाय पाणी बाहेरूनच यायला हवं असंही नाही. दिवसा पेटी तापते, रात्री निवते, आणि निवताना रबराच्या फटीतून आपली मुंबईची दमट हवा आत ओढते. तिचंच दव आत धरतं. घड्याळातलं धुकं आठवलं ना?

"मास्तर, उगाच घाबरवू नका," असं कुणी म्हणेल. मग नॉर्वेकडे बघा. विजेच्या बोटींत त्यांच्याइतका अनुभव थोड्यांकडेच असेल. तिथे २०१९ मध्ये 'युटरोयनिंगेन' या फेरीच्या बॅटरीघरात थंड ठेवणारा द्रव गळला आणि आग लागली. विझली असं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डेकखाली साठलेल्या वायूचा स्फोट झाला. २०२१ मध्ये ऑस्लोच्या खाडीत 'ब्रिम' नावाची बोट पेटली. चौकशीत निघालं की बहुधा हवा खेळायला ठेवलेल्या वाटेनेच समुद्राचं पाणी बॅटरीघरात गेलं. यात त्या लोकांची नाचक्की नाही. त्यांनी चौकशी केली, अहवाल जाहीर केला, जगाला शिकवलं. मला हेवा वाटतो तो याचा.

"केरळात चालतात की!" हे आणखी एक उत्तर. चालतात, आनंद आहे. पण वैकमचं वेंबनाड सरोवर वेगळं आणि पावसाळ्यातली आपली खाडी वेगळी. मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात बंद ठेवाव्या लागतात, त्या काय उगाच?

आपल्याकडे प्रश्न विचारायचे ते अपघातानंतर. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसं गेली. आमच्या लहानपणी गिरगावात वडीलधारी मंडळी त्या दिवशी घरात बोटीचं नाव काढू देत नसत. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, हे लोकांना बुडाल्यावर कळलं. १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर आदळली, डझनाहून अधिक जीव गेले, आणि मग लाइफ जॅकेटं मोजायला सुरुवात झाली. तीच रीत बॅटरीच्या बाबतीतही पाळायची का?

माझं मागणं फार नाही. पेटीची परीक्षा खाऱ्या पाण्यात घ्या, आणि जुन्या झालेल्या रबरासकट घ्या. बोटीच्या तळाशी पाणी साचतं तिथून पेटी वर ठेवा. वायूची वाट उघड्यावर काढा, प्रवाशांच्या बाकाखाली नको. कुठे वीज गळू लागली तर सारंगाला ताबडतोब कळेल अशी घंटा हवी, आणि ती वाजली की काय करायचं हे खलाशांना तोंडपाठ हवं. दर पावसाळ्यानंतर पेटी उघडून तपासा आणि ती तारीख तिकीट खिडकीशेजारी पाटीवर लिहा. आग विझवायच्या नळकांड्यावर तारीख असते ना, तशी. यातलं काहीच महाग नाही. महाग पडतं ते लपवणं.

आणि ग्रुपवरच्या पाचव्या उत्तराला एवढंच, की मला नव्या गोष्टीत खोट दिसत नाही. मला त्या बोटीत आमची ही बसलेली दिसते, नाकावरचा पदर काढून.

असो. घड्याळ अजून चालू आहे. वायसर मी दर दोन वर्षांनी बदलतो.