हळदीचा सौदा आणि हुसेनांचे चित्र

#थ्रेड

मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्क येथे ख्रिस्टीजच्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचे 1954 सालचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र सुमारे 118 कोटी रुपयांना विकले गेले. आधुनिक भारतीय चित्राला तोवर एवढी किंमत कधीच मिळाली नव्हती. चित्रकाराचा जन्म पंढरपूरचा, म्हणजे आटपाडीच्या शेजारचा, आणि चित्राचा विषय खेडे.

अशा बातमीवर खेड्यातून उमटणारा उद्गार ठरलेला असतो : ‘असलं तर आमचं पोरगंही काढंल.’ त्यावर शहरातून येणारे उत्तरही ठरलेले : या लोकांना कला कळत नाही, त्यांची दृष्टीच घडलेली नाही.

हे उत्तर उर्मट आहे. शिवाय ते चुकीचेही आहे. सातारा-सांगलीच्या माणसाला चित्रकलेचा इतिहास ठाऊक नसेल, पण किंमत म्हणजे काय हे त्याला शिकवण्याची गरज नाही. लिलाव त्याच्या दारातच होतात.

सांगलीला हळदीचे सौदे निघतात, तासगावला बेदाण्याचे. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत महाराष्ट्रातील बाजारांत एके काळी रूढ होती. त्यात शेतकरी नागवला जाई, म्हणूनच बाजार समित्यांच्या कायद्याने उघड लिलावाचा आग्रह धरला. ज्याने पीक काढले त्याच्यादेखत बोली लागावी आणि चढलेला भाव त्याच्या पदरात पडावा, एवढे साधे त्यामागचे तत्त्व.

खानापूर, आटपाडी, माण, खटाव हे दुष्काळी तालुके. तेथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. देशभरातील सराफी पेठांत ती सोने-चांदी वितळवून शुद्ध करतात. मुशीत घातलेल्या दागिन्याची घडणावळ क्षणात शून्य होते, उरतो तो फक्त कस, हे या मुलखाला रोजच्या कामातून ठाऊक आहे. चित्र मुशीत घातले तर उरेल काय? हा प्रश्न अडाण्याचा नाही, पारख्याचा आहे.

आणि हौसेला मोल नसते हेही त्यांना कुणी सांगायला नको. खरसुंडीच्या जत्रेत जातिवंत खिलार खोंडासाठी माणसे ऐपतीबाहेर जातात; शर्यतीच्या बैलाची किंमत ऐकून पुण्या-मुंबईचा माणूस डोळे विस्फारतो. मात्र तो बैल दावणीला बांधला की सारा गाव पाहायला येतो. हौस एकाची, पाहणे सगळ्यांचे.

तेव्हा त्या उद्गारातला राग खरा आहे, फक्त त्याचा नेम चुकतो. तो किंमतीवर लागायचा, तो चित्राला लागतो.

ती किंमत चित्रकाराने लावलेली नसते. ‘ग्रामयात्रा’ एका नॉर्वेजियन डॉक्टरांनी 1954 साली दिल्लीत घेतले आणि 1964 मध्ये ते ओस्लोच्या रुग्णालयाच्या स्वाधीन झाले. 2025 च्या विक्रीतून आलेला पैसा तेथील डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी ठरला. हेतू उत्तमच. पण सिनेमाची पोस्टरे रंगवून पोट भरलेले हुसेन 2011 सालीच लंडनमध्ये परक्या देशाचे नागरिक म्हणून वारले होते.

वासुदेव गायतोंडे यांची कथा याहून बोचरी. गिरगावच्या चाळीत वाढलेला हा चित्रकार उत्तरायुष्यात दिल्लीत अत्यंत साधेपणाने, जवळजवळ अज्ञातवासात राहिला आणि 2001 मध्ये गेला. 2013 मध्ये मुंबईत त्यांच्या एका चित्राला 23 कोटी 70 लाख रुपये आले, 2025 मध्ये दिल्लीत दुसऱ्या एका चित्राला 67 कोटींहून अधिक. हळदीच्या सौद्याशी तुलना करायची तर येथे शेतकरी बाजारातून केव्हाच उठून गेलेला आहे आणि भाव चढतो आहे तो साठेबाजाच्या पोत्यांचा.

यावर भारतात कायदा नाही असे नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 53अ नुसार दहा हजार रुपयांहून अधिक किंमतीस मूळ चित्राची पुनर्विक्री झाल्यास चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागण्याचा हक्क आहे. हे कलम 1994 च्या दुरुस्तीने आले. कोटींच्या बातम्या छापणाऱ्यांनी या कलमाची आठवण किती वेळा काढली? खेड्यातल्या माणसाला कला कळत नाही म्हणणाऱ्यांना हा कायदा तरी कळतो का?

सर्वसामान्यांचा रोष नेहमी पोकळ नसतो, याचा दाखला ऑस्ट्रेलियात आहे. 1973 मध्ये तेथील सरकारने जॅक्सन पोलॉक यांचे ‘ब्लू पोल्स’ तेरा लाख डॉलरना घेतले तेव्हा देशभर गदारोळ उठला. पैसा जनतेचा होता, म्हणून हिशेब मागण्याचा हक्कही जनतेचा. पण चित्रही जनतेचेच झाले. आज ते कॅनबेरात कोणालाही पाहता येते.

नेमका हाच व्यवहार साताऱ्यात त्याच्याही आधी होऊन गेला आहे. खटाव तालुक्यातील औंध ही पंतप्रतिनिधींची राजधानी. आज सांगली जिल्ह्यात असलेले आटपाडी आणि कुंडल त्याच संस्थानातले. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. महाभारताच्या सचित्र चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी भांडारकर संस्थेला एक लाख रुपये देऊ केले. यमाईच्या डोंगरावर त्यांनी संग्रहालय बांधले. तेथे राजा रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, आणि हेन्री मूर यांचे ‘माता आणि बालक’ हे शिल्पही आहे.

हा पैसा आकाशातून पडला नव्हता. तो दुष्काळी रयतेच्या शेतसाऱ्यातून आला होता. पावसाची वाट पाहणाऱ्या आटपाडीच्या कुणब्याने मूर यांच्या शिल्पाचा भार उचलला, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही. राजाच्या रसिकतेची आरती ओवाळणाऱ्यांनी हे विसरू नये.

तरीही फरक उरतोच. याच राजाने 1939 मध्ये स्वतःचे अधिकार ग्रामपंचायतींच्या हाती देणारी राज्यघटना स्वीकारली. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले आणि संग्रहालय सरकारकडे, म्हणजे ज्यांनी सारा भरला त्यांच्याच नातवंडांकडे आले.

2016 मध्ये लंडनला मूर यांचे एक शिल्प 2 कोटी 47 लाख पौंडांना विकले गेले. त्याच मूर यांचे औंधातले शिल्प तिकिटाच्या चार पैशांत पाहायला मिळते. ज्याला ‘आमचं पोरगंही करंल’ असे वाटते त्याने पोराला घेऊन तेथे जावे, दगडाभोवती एक फेरी मारावी आणि मग मत द्यावे. ते मत काहीही असो, ते मालकाचे असेल. विट्याहून औंध काही फार लांब नाही.