मावळे विकत, माती घरची

रेडिमेड चकली, रेडिमेड कंदील, रेडिमेड रांगोळी (स्टिकरवाली) इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण गेल्या दिवाळीत नौपाड्यात गोखले रोडवर एका स्टॉलला चक्क रेडिमेड किल्ला पाहिला आणि डोकं फिरलं. प्लास्टर ऑफ पॅरिसचा, आतून पोकळ, वरून पोपटी रंग मारलेला. मावळे उभे करायला जागोजागी गोल खाचासुद्धा तयार! म्हणजे पहारेकरी कुठे उभा राहणार हेसुद्धा दुकानदारानेच ठरवलेलं. घरी न्या, खोका उघडा, ठेवा. झाली दिवाळी.

आता कुणी म्हणेल, मावळे तरी कुठे घरी करतेस? बरोबर आहे. मावळे आपण कायम विकतच आणले. सिंहासनावरचे महाराज, भालेवाले, तोफ, एखादी गवळण आणि तिच्याशेजारी (का ते देवाला ठाऊक) वाघ. कुंभाराकडे साचे असतात, वर्षानुवर्षांचा हात असतो, ते काम त्यांनीच करावं. पण मावळा ज्या जमिनीवर उभा राहतो ती जमीन आपली असायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण चित्रं सगळ्यांची सारखीच असतात. शेजारच्या बिल्डिंगचा आणि आमचा मावळा एकाच साच्यातून निघालेला. फरक असतो तो खालच्या डोंगराचा.

ही काही फक्त आपल्याकडची गंमत नाही. माझा मामेभाऊ कॅनडात असतो. तिथे तो मित्रांबरोबर टेबलावर मांडायचे लढाईचे खेळ खेळतो. त्यातले सैनिक जेमतेम २८ मिलिमीटरचे आणि प्रत्येकाच्या पायाखाली नाण्याएवढी चकती. त्या चकतीवर हा पठ्ठ्या गोंद लावून वाळू चिकटवतो, झाडाच्या सालीचे खडक करतो आणि स्थिर विद्युतभार वापरून नायलॉनचं गवत उभं करतो. एका चकतीला एक अख्खी संध्याकाळ! सैनिक विकतचे, जमीन घरची. मी त्याला म्हटलं, अरे, हे आपण ठाण्यात पोत्याने करतो! आणि आमचं गवत खरं उगवतं.

आमचं गवत म्हणजे अळीव. आई डिंकाच्या लाडवात घालते तेच. किल्ल्यावर अळीवच का, याचं उत्तर मला इंजिनिअरिंगला आल्यावर सुचलं. अळीव भिजवला की दाण्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होतं, त्यामुळे तो उतारावर चिकटून बसतो. मोहरी पाणी शिंपडलं की घरंगळत खाली येते आणि मग पायथ्याशी जंगल, माथ्यावर टक्कल. वसुबारसेच्या दोन दिवस आधी पेरला तर नरकचतुर्दशीच्या पहाटे किल्ला हिरवा दिसतो. हे गणित शोधून काढणाऱ्या अज्ञात आजीला माझा दंडवत.

बाकी किल्ला म्हणजे शुद्ध सिव्हिल. सुकी माती नुसती ओतली तर साधारण तीस-पस्तीस अंशाच्या उतारावर थांबते, त्यापेक्षा उभी राहतच नाही. म्हणजे नुसत्या मातीने कडा होत नाही, ढीग होतो. मग काय करायचं? आत विटा आणि दगडांचा सांगाडा, मधल्या पोकळीत पालथं घातलेलं फुटकं घमेलं (वजन वाचतं), त्यावर चिखलात बुचकळून काढलेलं गोणपाट. गोणपाटातल्या तागाने ओल्या मातीला धरून ठेवायचं. फेरोसिमेंटमधे जाळी जे काम करते, तेच इथे पोतं करतं. नुसती चिकण माती लिंपली तर सुकताना आकसते आणि दुसऱ्या दिवशी तडे, म्हणून त्यात वाळू नाहीतर भुसा. हे सगळं आम्ही तिसरी-चौथीत करत होतो, आणि कुणीही आम्हाला त्याचे इंटर्नल मार्क्स दिले नाहीत.

एक गोष्ट मात्र बहुतेक मुलं चुकीची करतात आणि रेडिमेडवालाही तीच करतो. किल्ला म्हणजे शंकूसारखा टोकदार डोंगर! अहो, तो ज्वालामुखी झाला, सह्याद्री नव्हे. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या आडव्या थरांचा. म्हणून त्याला पायऱ्या पायऱ्यांचे कडे आहेत आणि गडांचे माथे सपाट आहेत. कौलांचे तुकडे आडवे रचून मधे माती भरा, बघा कसा कातळ दिसतो. आणि राजगड करायचा असेल तर मधे बालेकिल्ला आणि तीन बाजूंना फुटलेल्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या. नकाशात हे मी पुष्कळदा पाहिलं होतं, पण तीन सोंडा मातीत ओढताना मधला बालेकिल्ला ढासळू द्यायचा नाही, ही कसरत केली तेव्हा राजगड कळला. तसाच रायगडाचा महादरवाजा. दोन बुरुजांच्या आड वळणात लपवलेला, म्हणजे शत्रूला लांबून दिसू नये आणि हत्तीला धडक द्यायला सरळ धाव मिळू नये. हे इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत होतं (आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात तर अर्ध्या). हाताने बुरूज थापताना मात्र वळणाला जागा सोडावी लागते, आणि ती सोडतानाच त्यामागचं डोकं लक्षात येतं. विकतच्या किल्ल्याचा दरवाजा समोरच असतो, हॉटेलसारखा.

स्केलचा घोळ हा माझा आवडता विषय. साडेपाच फुटी माणूस तीन इंचाच्या मावळ्यात दाखवायचा म्हणजे प्रमाण झालं बावीसास एक. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर. त्याच प्रमाणात तो करायचा तर सदतीस मीटर उंच होईल, म्हणजे बारा मजली टॉवर! आपण तो अडीच फुटांत बसवतो. म्हणजे डोंगर हजारास एक आणि माणूस बावीसास एक. मावळा दरवाजातून आत जाऊ शकत नाही याचं कारण हे. पण त्यात लाजण्यासारखं काही नाही. खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं. तिथे धरणांची, नद्यांची, बंदरांची छोटी प्रतिरूपं करून पाण्याचा अभ्यास करतात. नद्यांच्या अशा प्रतिरूपात आडवं प्रमाण वेगळं आणि उभं वेगळं घेण्याची पद्धत आहेच, नाहीतर पाण्याची खोली कागदाएवढी होईल. ते जाणून-बुजून करतात, आपण अंदाजपंचे. एवढाच फरक!

जुलै २०२५ मधे युनेस्कोने आपल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. अभिमानाची गोष्ट आहे. पण आम्हा ठाणेकरांची गंमत बघा. आमच्या गावात स्वतःचा किल्ला आहे. १७३० च्या सुमारास पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मधे मराठ्यांनी जिंकला, १७७४ मधे इंग्रजांकडे गेला. नौपाड्यातून चालत फार लांब नाही. पण तो आतून बघायचा असेल तर आधी गुन्हा करावा लागेल, कारण तेच ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह! दिवाळीत मात्र हा किल्ला केलेला मी एकदाही पाहिलेला नाही. डोंगर नाही, नुसता तट आणि बुरूज, म्हणून असेल. कुणीतरी करा राव.

आता मुद्द्याचं. करायचा कुठे?

आमची नौपाड्यातली बिल्डिंग तीन मजली, जुनी, मागे नारळाचं झाड आणि त्याच्याखाली कपडे वाळत घालायची जागा. किल्ला तिथेच व्हायचा. मुलींनी पुढे रांगोळी काढायची आणि मुलांनी मागे किल्ला, असा अलिखित कायदा होता. तो मी आठव्या वर्षी मोडला, त्यामुळे त्या कोपऱ्यावर माझा थोडा हक्कच आहे. आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चालली आहे. माझा विरोध अजिबात नाही. पावसाळ्यात जिन्यात बादल्या ठेवाव्या लागतात आणि आमची आजी लिफ्ट नाही म्हणून आठवडा-आठवडा खाली उतरत नाही. पण मीटिंगमधे प्लॅन मांडला तेव्हा मी तो घडी उलगडून सगळा वाचला (सवय लागली आहे). तळमजला पार्किंग, उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक, पोडियमवर हिरवळ. ही हिरवळ म्हणजे स्लॅबवर अंथरलेली वीतभर माती, तिच्यावर विटा-दगड रचू देणार नाहीत. सबंध प्लॉटवर फावडं मारता येईल अशी एक फूट मोकळी जमीन नाही.

मी विचारलं, सहा बाय चार फुटांचा मातीचा एक तुकडा सोडता येईल का? आधी हसले. मग एक काका म्हणाले, "अगं, टेरेसवर करा की!" टेरेसवर ओली माती नेऊन ठेवली तर वॉटरप्रूफिंगच्या नावाने पहिला आरडाओरडा हेच काका करतील. दुसरे म्हणाले, आता किल्ले करतं कोण? या प्रश्नाचा मला खरंच राग आला. जागा काढून घ्यायची आणि मग मुलं येत नाहीत म्हणायचं! एका गाडीला साधारण अडीच बाय पाच मीटर जागा धरतात. तेवढ्यात माझे पाच किल्ले बसतात. मी एका किल्ल्याची जागा मागते आहे, आणि तीसुद्धा अकरा महिने तुळशी-मोगऱ्याला वापरा म्हणते आहे. सभेच्या वृत्तांतात "सूचना नोंदवली" असं लिहून आलंय. प्लॅन मंजुरीला जायच्या आत ती नकाशावर आली तर आली, नंतर काँक्रीट फोडून कुणी माती काढणार नाही.

रेडिमेड घेणाऱ्या आई-बाबांना मी नावं ठेवत नाही. दोघंही साडेआठच्या लोकलने घरी येतात, खाली पेव्हर ब्लॉक, माती नर्सरीतून पिशवीने आणायची. ते बिचारे खोकाच आणणार. पण मातीचा किल्ला तुळशीचं लग्न झालं की मोडून कुंड्यांत जातो. प्लास्टरचा पाण्यात विरघळत नाही आणि कुंडीतही जात नाही. तो पुढच्या वर्षी माळ्यावरून उतरतो, त्याच खाचांसकट, आणि मुलाला करायला काही उरत नाही.

जाता जाता आपल्या हॉस्टेलबद्दल. परीक्षा दिवाळीला खेटून आल्या की नांदेड, परभणी, चंद्रपूरची मंडळी घरी जात नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा मेसमधे एक दिवस श्रीखंड मिळतं आणि बाकी जर्नल्स. मेसच्या मागे, पाण्याची टाकी आणि सायकल स्टँडच्या मधे अजून माती शिल्लक आहे (तिथेही ब्लॉक बसवायचं चाललंय असं ऐकलं, म्हणून घाई). सॉइल लॅबमधून टेस्ट झालेली माती दर आठवड्याला फेकली जाते. काँक्रीट लॅबच्या मागे फोडलेल्या क्यूब्सचा ढीग पडलेला आहे, एकेक आठ किलोचा, सह्याद्रीचा कडा रचायला याहून चांगला दगड नाही. वॉर्डन सर आणि लॅबमधले मामा हा अंक वाचतात हे मला ठाऊक आहे, म्हणून इथेच अर्ज करते. क्यूब्स वाहायला मेकॅनिकलवाले लागतील, माच्यांची आखणी आम्ही करू. मावळे आणि अळीव मी ठाण्याहून आणते. गोणपाट कुणाकडे आहे का? प्लास्टिकचं पोतं चालणार नाही, त्याला चिखल धरत नाही.